वशिंड आणि कास

वशिंड असलेली आणि वशिंड नसलेली, असे जगातल्या गोवंशाचे दोन मोठे गट पडतात. या दोहोंचे रानटी पूर्वज माणसाच्या दावणीला येण्याच्या काही लाख वर्षे आधीच एकमेकांपासून वेगळे झाले होते. बिनवशिंडाची गाय सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणसाळली आणि तिथून युरोपभर पसरली. वशिंडाची गाय त्यानंतर दोनेक हजार वर्षांनी सिंधू खोऱ्याच्या पश्चिमेला, बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या परिसरात माणसाळली. देशी आणि विदेशी हा फरक त्यामुळे आजच्या सरहद्दींपेक्षा फार जुना आहे. तरीही दोन्ही वंशांचा एकमेकांशी सहज संकर होतो आणि होणारी संततीही पुढे विते. देशी गाय की संकरित, हा गेल्या शंभर वर्षांतला सगळा वाद या एका शक्यतेतून उभा राहिला आहे.

वशिंड म्हणजे स्नायू आणि चरबी यांचा उंचवटा. त्याच्याभोवती अलीकडे बऱ्याच अद्भुत कल्पना गुंफल्या गेल्या आहेत. सूर्यकिरण शोषून दुधात उतरवणारी खास नाडी तिथे असते, ही त्यांतलीच एक. अशी नाडी शरीररचनेत कुठेही आढळत नाही. जे प्रत्यक्षात आढळते ते मात्र खरोखर नवलाचे आहे. देशी गाईची कातडी बहुधा सैल असते, गळ्याखालची पोळी छातीपर्यंत लोंबते, त्यामुळे वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्रफळ वाढते. घामाच्या ग्रंथी मोठ्या आणि संख्येने जास्त असतात. केस आखूड व चकचकीत असतात. पांढऱ्या केसांवरून ऊन परावर्तित होते आणि खालची काळी कातडी उन्हाचा दाह सोसते. शिवाय नुसते जगण्यासाठी या गाईला खाणे कमी लागते, त्यामुळे तिच्या पोटात उष्णताही कमी तयार होते. विदेशी होल्स्टीन फ्रीजियन गाईला साधारण ५ ते २५ अंश सेल्सिअस हवामान मानवते. पारा त्याच्यावर गेला की ती चारा कमी खाते, धापा टाकते, आणि दूध उतरते. सोलापूर, लातूर, अकोला या भागांत मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो, तेव्हा हा फरक एकाच गोठ्यात शेजारी शेजारी दिसतो: संकरित गाय सावलीतही तोंड उघडे ठेवून उभी असते आणि गावरान गाय उन्हात बसून रवंथ करते.

यातही एक बारकावा आहे. पंचवीस लिटर दूध देणारी गाय खाते जास्त, तिच्या पोटातले आंबवण जास्त, म्हणून तिची उष्णताही जास्त. उन्हाने हैराण होणे हा काही अंशी वंशाचा आणि काही अंशी दुधाचाच परिणाम आहे. देशी गाईलाही निवडीने पंचवीस लिटरवर नेले, तर तिचाही उन्हाळा आजच्याइतका सोपा राहणार नाही.

गोचिडांच्या बाबतीतही देशी कातडी उजवी ठरते. माशी बसताच कातडी जागच्या जागी थरथरवण्याची तिची लकब कोणीही पाहिलेली असते. गोचीड तापात, म्हणजे थायलेरियात, संकरित गाईच्या गाठी सुजतात, ताप उतरत नाही, रक्त आटते आणि वेळेत उपचार न झाल्यास गाय दगावते. पिढ्यान्‌पिढ्या त्याच गोचिडांसोबत वाढलेली देशी जनावरे बहुधा त्यातून निभावतात. कासदाह, ज्याला गोठ्यात ‘दगडी’ म्हणतात, तोही मोठ्या कासेच्या, जास्त दुधाच्या गाईला अधिक छळतो. मात्र देशी गाईला रोग होतच नाही, हे खरे नाही. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा राज्यात देशी जनावरेही मोठ्या संख्येने आजारी पडली. लसीकरणात देशी-विदेशी असा भेद करण्याला काहीही आधार नाही.

शेतीकामाच्या दृष्टीने वशिंडाचे महत्त्व वेगळे आहे. जू बैलाच्या मानेवर, वशिंडाच्या पुढे बसते. शिवळा दोन्ही बाजूंनी मान धरतात, जोती गळ्याखालून बांधली जातात, आणि बैल पुढे रेटा देतो तेव्हा जू मागे सरकून वशिंडाला टेकते. ओढीचा सगळा जोर त्या टेकूवर येतो. वशिंड भरदार आणि घट्ट असेल, तर जू जागचे हलत नाही. ते लहान किंवा लुळे असेल, तर जू मागेपुढे घासते, कातडी सोलते आणि खांदेसूज येते. पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आदल्या दिवशी हळद-लोणी लावून बैलाचे खांदे मळतात, तो मान वर्षभर घासल्या जाणाऱ्या या जागेलाच मिळत असतो. दायमाबादला १९७४ साली सापडलेल्या ब्राँझच्या रथाला दोन बैल जुंपलेले आहेत. महाराष्ट्रात बैल आणि जू यांची सोबत किती जुनी आहे, याचा तो हातात धरता येईल असा पुरावा आहे.

चांगली बैलजोडी आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढा जोर तासन्‌तास लावू शकते. चारशे किलोचे दोन बैल म्हणजे पाऊण ते एक अश्वशक्ती. हा आकडा लहान वाटतो, पण पाभर, कुळव, कोळपे ही अवजारे याच जोराच्या मापाने घडली. काळ्या भारी जमिनीत खोल नांगरट करायची, तर एका जोडीने भागत नसे. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आल्यावर त्याला तीन-चार जोड्या जुंपाव्या लागत, आणि त्यासाठी शेजारीपाजारी बैलांची सावड होई. कोणत्या मुलखात कसला बैल निपजला, हे या कामांवरून आणि तिथल्या मातीवरून ठरले.

माणदेश हा त्याचा सर्वांत ठळक दाखला. आटपाडी, म्हसवड, सांगोला, जत या पट्ट्यात पाऊस कमी, जमीन हलकी, चारा तुटपुंजा आणि अंतरे लांब. तिथे खिल्लार घडले. अंगाने बांधेसूद, पायाने चपळ, कातडी अंगाला चिकटलेली, शिंगे मुळाशी जवळ येऊन मागे लवलेली आणि टोकाला वर गेलेली. रंगावरून कोसा, काजळी अशी नावे आहेत. कर्नाटकातल्या हल्लीकर वंशाशी त्याचे जवळचे नाते मानले जाते. पारखी माणूस खोंडाचे दात पाहून आदत, दुसा, चौसा असे वय सांगतो. मग चालवून बघतो, कारण खिल्लारची किंमत चालीत असते. खरसुंडी, सांगोला इथल्या बाजारांत ही पारख अजून चालते. मोटेच्या काळात उतारावरून नाडा ओढत धावणे आणि पुन्हा मागे येणे हे काम दिवसभर करणारा हाच बैल होता.

खिल्लार गाईचे दूध एका वेतात चार-पाचशे किलोच्या आसपास भरते. हा आकडा पुढे करून खिल्लारला ‘निकृष्ट’ ठरवले जाते, ते अन्यायाचे आहे. खिल्लार पाळणारा माणूस गाईचे दूध मुख्यतः वासरासाठी राखतो. खोंड असेल तर दोन सड, कधी चारही सड त्यालाच. पुढे त्याच खोंडाचे पैसे होतात. कागदावर आलेले दूध म्हणजे वासराने सोडलेले दूध. ज्या गुणासाठी कधी निवडच केली गेली नाही, त्या गुणात एखादी जात मागे पडते, यात जातीचा दोष कोणता?

सह्याद्रीच्या दुसऱ्या टोकाला, अकोले, इगतपुरी आणि डांगच्या डोंगरांत, परिस्थिती नेमकी उलटी आहे. घाटघर, भंडारदरा या भागात पावसाळ्याचे चार महिने आभाळ फाटलेले असते. तिथला बैल दिवसभर भाताच्या खाचरात चिखलणी करतो, गुडघाभर पाण्यात. हे काम डांगीचे. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो आणि पावसाचे पाणी अंगावर न मुरता ओघळून जाते. खूर काळे, चकमकीसारखे टणक, चिखलात न कुजणारे. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके असतात. महादेव कोळी आणि ठाकर यांनी ही जात जपली. राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते, घोटीला बाजार. माणदेशातला खिल्लार इथे आणून चिखलात उभा केला, तर त्याचे खूर आणि कातडी दोन पावसाळे टिकणार नाहीत. डांगीला माणदेशाच्या उन्हात धावायला लावले, तर तीही मागे पडेल. अंतर जेमतेम अडीचशे किलोमीटरचे, दोन्ही जाती अस्सल देशी, आणि तरी एकीच्या गावात दुसरी परकी. देशी-विदेशीच्या चर्चेत ही गोष्ट नेहमी निसटते.

मराठवाड्यात देवणी आणि लाल कंधारी या दोन जाती. उदगीर-देवणी भागातली देवणी दूध आणि काम दोन्ही देते. वेताला साधारण आठ-नऊशे किलो दूध आणि काळ्या जमिनीत टिकणारा जड बैल. पांढऱ्या अंगावरच्या काळ्या रंगाच्या जागेवरून तिचे वानेरा, बालंक्या, शेवरा असे प्रकार ओळखतात. नांदेड जिल्ह्यातली लाल कंधारी अंगाने लहान, गडद तांबडी आणि कमी चाऱ्यावर निभावणारी. वर्ध्याच्या आर्वी भागात नंद गवळ्यांनी राखलेली गवळाऊ पांढरी, हलक्या अंगाची आणि वेगवान. मराठ्यांच्या फौजांची रसद वाहण्यासाठी ती निवडली गेली, असे परंपरेने सांगितले जाते. वर्ध्यात १९४१ साली गोसेवा संघाचे काम सुरू झाले. जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे अखेरचे महिने त्याला वाहिले आणि गवळाऊचे दूध वाढवण्याचे प्रयत्न तिथल्या गोशाळांत झाले. कोकणातली बुटकी गाय कोकण कपिला या नावाने आणि गोव्यातली पांढरी गाय श्वेत कपिला या नावाने अलीकडेच राष्ट्रीय यादीत नोंदली गेली. पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातली कठाणीही आता त्या यादीत आहे. जातींची संख्या त्यामुळे वाढल्यासारखी दिसते. जात नव्याने जन्मत नाही, तिला नाव उशिरा मिळते, एवढेच.

या सगळ्यांत कृष्णा खोऱ्याच्या जातीची कहाणी चटका लावणारी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगली आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी गीर, ओंगोल, कांक्रेज आणि स्थानिक जनावरे यांच्या मिश्रणातून चिकट काळ्या मातीसाठी एक दांडगा बैल मुद्दाम घडवला. महाराष्ट्रात नियोजनाने घडवलेली ही जात. ज्या खोल नांगरटीसाठी ती घडली, ती नांगरट ट्रॅक्टरने उचलली, आणि तिला सांभाळण्याचे कारणच उरले नाही. आज तिची शुद्ध जनावरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गावांत दिसतात.

आता दुसरी बाजू. होल्स्टीन फ्रीजियनचे मूळ गाव नेदरलँड्सचा फ्रीसलँड प्रांत आणि लगतचा उत्तर जर्मनीचा किनारा. ओलसर, थंड हवा आणि बारमाही कुरण. जर्सी ही इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या, एका तालुक्यापेक्षाही लहान बेटावरची. त्या बेटाने १७८९ साली बाहेरची गुरे आणण्यावर कडक बंदी घातली आणि आपली जात वेगळी राखली. नेदरलँड्समध्ये १८७४ साली वंशावळीची वही सुरू झाली. डेन्मार्कमध्ये १८९५ साली शेतकऱ्यांनी एकत्र येऊन दूध मोजून लिहिणारी पहिली संस्था काढली. त्याच दशकात बॅबकॉक आणि गर्बर यांनी दुधातील फॅट तपासण्याच्या सोप्या पद्धती दिल्या. मग कृत्रिम रेतन आले आणि एका वळूच्या हजारो मुलींचे दूध मोजून त्या वळूचा कस ठरवता येऊ लागला. अमेरिकेतली होल्स्टीन गाय आज सरासरीने वेताला दहा हजार किलोंवर दूध देते, ते या सव्वाशे वर्षांच्या वहीचे फळ आहे. त्याची किंमतही त्या जातीने मोजली आहे. तिथल्या होल्स्टीन वळूंचे पितृवंश शोधत गेले, की ते अवघ्या दोन वळूंशी येऊन थांबतात.

भारतात विदेशी रक्त आले ते लष्करी गोठ्यांतून. अलाहाबादला १८८९ मध्ये पहिला लष्करी डेअरी फार्म निघाला आणि छावण्यांना दूध पुरवण्यासाठी देशी गाईंवर युरोपीय वळू वापरले जाऊ लागले. बंगळूरच्या इम्पीरिअल संस्थेत जिल नावाची एअरशायर-हरियाणा संकरित गाय होती, जिने आयुष्यात एक लाख पौंडांहून अधिक दूध दिले. गांधीजी १९२७ साली प्रकृतीसाठी बंगळूरला असताना याच संस्थेत जाऊन गोपालनाचे धडे घेत होते. महाराष्ट्रात संकराचे काम खेड्यात नेले ते त्यांच्याच एका अनुयायाने. मणिभाई देसाई १९४६ मध्ये गांधीजींबरोबर उरुळी कांचनला आले आणि तिथेच राहिले. त्यांनी तिथे गीर गाईंचा उत्तम कळप उभा केला, १९६७ साली बाएफ या संस्थेची स्थापना केली आणि गोठवलेल्या रेताच्या कांड्या शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोहोचवल्या. द्रवरूप नायट्रोजनच्या डब्यात उणे १९६ अंशांवर ठेवलेली कांडी घेऊन सायकल-मोटारसायकलवरून फिरणारा माणूस ही पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांतली ओळखीची आकृती झाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, होल्स्टीन आणि जर्सी या तिन्हींच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ घडवली. खेड्यात मात्र संकरित गाय कोणतीही असो, तिला ‘जर्सी’च म्हणतात.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात गोवंश सुमारे १९ कोटी. त्यांपैकी संकरित व विदेशी सुमारे ५ कोटी, देशी १४ कोटींच्या वर. आधीच्या गणनेच्या तुलनेत पहिला गट चतुर्थांशाहून जास्त वाढला आणि दुसरा सुमारे सहा टक्क्यांनी घटला. दूध मोजले, तर संकरित गाईचे दिवसाचे सरासरी आठ किलोंच्या पुढे आणि देशी गाईचे तीन-चार किलो. देशी आकड्यात कुठल्याच जातीत न बसणारी, रानावर सोडलेली जनावरेही धरलेली असतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. चांगल्या कळपातली गीर वेताला दोन हजार किलोंच्या आसपास आणि साहिवाल त्याहून थोडे अधिक दूध देते.

गोठ्याचा हिशेब दुधाच्या आकड्याने सुरू होतो, पण तिथे संपत नाही. संकरित कालवड अडीच वर्षांच्या सुमारास विते, देशी साधारण चौथ्या वर्षी. संकरित गाय नऊ-दहा महिने दूध देते आणि वासरू तोडले तरी पान्हा सोडते. देशी गाय सात-आठ महिन्यांत आटते, तिचा भाकड काळ लांबतो, आणि वासरू जवळ नसेल तर बहुतेक देशी गाई पान्हा चोरतात. दुधाच्या धंद्यात हे देशी गाईचे खरेखुरे उणे आहे आणि ते झाकण्यात कोणाचेच भले नाही. उलट बाजूने, बारा लिटरच्या संकरित गाईला शरीरपोषणाचे दीड किलो आणि लिटरमागे सुमारे चारशे ग्रॅम असे दिवसाला सहा किलोंवर पशुखाद्य लागते. शिवाय वीस-पंचवीस किलो हिरवी वैरण, पाच-सहा किलो कडबा आणि उन्हाळ्यात शंभर लिटरच्या घरातले पाणी. जिथे बारमाही पाणी आहे, मका-नेपिअर आहे, मुरघास करता येतो आणि डॉक्टर तासाभरात पोहोचतो, तिथे ही गाय घर चालवते. बारामती, फलटण, संगमनेर, राहाता या पट्ट्यातल्या हजारो कुटुंबांचा दहा दिवसांचा पगार या गाईवर निघतो, मुलांच्या फिया निघतात. तिला ‘परकी’ म्हणून हिणवणारे बहुधा तिच्यावर पोट असणारे नसतात. पण कोरडवाहू शेतकऱ्याने कर्ज काढून हीच गाय विहीर आटलेल्या शिवारात आणली, तर पेंड आणि पाणी विकत घेता घेता दुधाचे पैसे संपतात. संकरित गाय चार-पाच वेतांत गोठ्याबाहेर जाते. देशी गाय आठ-दहा वेते काढते, तीही बऱ्याचदा धसकटे आणि बांधावरच्या गवतावर.

दुधाच्या भावाची रीतही तपासायला हवी. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. होल्स्टीन संकराचे दूध त्याच घरात बसते. देशी गाईचे दूध साडेचार फॅटचे असले, तरी तीन लिटरला जी काही वाढ मिळते ती संकलन केंद्रापर्यंतच्या फेरीचा खर्चही भागवत नाही. देशी दूध म्हणून शहरांत थेट गिऱ्हाईक मिळाले, तरच हे गणित बदलते.

संकराच्या कामात सर्वांत मोठी चूक झाली ती प्रमाणाची. देशी गाय आणि विदेशी वळू यांची पहिली पिढी उत्तम निघते: दूध आईच्या कितीतरी पट, आणि आईचा काटकपणाही बराचसा शिल्लक. हा संकरजोम पहिल्या पिढीतच सर्वांत जास्त असतो. पशुपैदाशीच्या जाणकारांचा सल्ला विदेशी रक्त निम्म्यावर, फार तर साठ-बासष्ट टक्क्यांवर थांबवावे असा राहिला आहे. प्रत्यक्षात निम्म्या रक्ताच्या कालवडीला पुन्हा होल्स्टीनची कांडी भरली गेली, तिच्या कालवडीलाही तीच. रक्त पाऊण झाले, मग सात-अष्टमांश. दूध त्या मानाने वाढले नाही, ऊन मात्र बाधू लागले, गाय गाभ न राहता उलटू लागली, गोचीड ताप गाठू लागला. कोणत्या गाईत किती रक्त आहे याची नोंद बहुतेक गोठ्यांत नाही, कानात बिल्ला असला तरी. संकरावर येणारा राग बऱ्याच अंशी या बेहिशेबी संकराचा आहे.

संकरित बैलाबद्दल टोकाची मते ऐकू येतात. तो कामच करत नाही, हे खरे नाही. हिवाळ्यात, सकाळच्या पारी तो देशी बैलाइतके ओढतो, अंगाने भारी असल्याने कधी जास्तही. पण ऊन चढले की त्याचे अंग लवकर तापते, श्वास वाढतो, आणि दुपारच्या पाळीला तो बसू लागतो. त्यात वशिंड आखूड असल्याने जू ठरत नाही. ऊसतोडीच्या टायरगाड्यांना असे बैल जुंपलेले दिसतात, कारण ते स्वस्त मिळतात. पेरणीच्या पाभरीला सरळ ओळ धरून चालण्यासाठी शेतकरी अजूनही देशी बैलच शोधतो.

ए-१ आणि ए-२ दुधाचा गाजावाजा थोडक्यात आटोपता येतो. दुधातल्या बीटा केसीन या प्रथिनाच्या साखळीत ६७ व्या जागी प्रोलीन असेल, तर ते ए-२ आणि हिस्टिडीन असेल, तर ए-१. भारतीय जाती जवळजवळ पूर्णपणे ए-२ आहेत, हे खरे. म्हशीचे दूधही ए-२ आहे, आणि जर्सीतही ए-२ चे प्रमाण चांगले असते, हे मात्र जाहिरातीत येत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २००९ साली उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा ए-१ दूध आणि आजार यांच्यात कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्याचे तिला आढळले नाही. देशी गाईची बाजू मांडण्यासाठी या आधाराची गरजही नाही.

तिची बाजू ब्राझीलने जास्त चांगली मांडली आहे. एकोणिसाव्या शतकापासून १९६२ पर्यंत भारतातून गीर, कांक्रेज, ओंगोल ही गुरे ब्राझीलमध्ये गेली. भावनगरच्या महाराजांकडून मिळालेला ‘कृष्णा’ हा गीर वळू तिथल्या कळपांचा मोठा आधार ठरला. ओंगोल तिथे नेलोर झाली. गीरमध्ये त्यांनी दुधासाठी निवड केली, दूध मोजून लिहिले, वळू मुलींवरून पारखले. तिथल्या स्पर्धांत गीर गाईंनी दिवसाला पन्नास लिटरचा टप्पा ओलांडला. स्पर्धेचा आकडा सरासरीचा नसतो, पण वंशात काय दडले आहे ते तो दाखवतो. शिवाय त्याच ब्राझीलने उष्ण मुलखासाठी पाच-अष्टमांश होल्स्टीन आणि तीन-अष्टमांश गीर अशी गिरोलांडो घडवली, आणि प्रमाण तिथेच बांधले. आज त्यांच्या गीर वळूंचे रेत भारतात येते. सौराष्ट्रातून गेलेले रक्त आयात म्हणून परत येते, ही वहीची ताकद आहे.

ब्राझीलच्या यशाचा महाराष्ट्रात एक वेगळाच परिणाम झाला. ‘देशी’ म्हणजे गीर असे समीकरण रूढ झाले. सौराष्ट्रातून गीर गाई विकत आणल्या जातात, आणि खिल्लार, देवणी, डांगी गाईंना गीरची कांडी भरली जाते. दूध थोडे वाढते, पण देवणीचा बैल आणि डांगीची पाऊस झेलणारी कातडी एका पिढीत पातळ होते. होल्स्टीनने जे केले तेच गीर करते, फक्त त्यावर कोणी आक्षेप घेत नाही. ‘देशी’ हा शब्द देशाचा न राहता मुलखाचा झाला, तरच या जाती वाचतील. डांगी सुधारायची तर डांगीतूनच: अकोल्यातल्या गाईंचे दूध तिथेच मोजून, चांगल्या गाईचा खोंड वळू म्हणून राखून. हे काम सावकाशीचे आहे. दूध मोजून लिहिणारा माणूस दहा वर्षे त्याच गावात हवा. २०१४ पासून राष्ट्रीय गोकुळ अभियानातून देशी जातींसाठी पैसा येऊ लागला, त्याचा मोठा वाटा या वहीवर खर्च व्हायला हवा.

बैलाचे काम मात्र वहीने परत येणार नाही. नांगरट, मळणी, वाहतूक ट्रॅक्टरकडे गेली. उरली ती कोळपणी, पेरणी, चढउताराची खाचरे आणि लहान तुकडे. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये न्यायालयाने बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठीचा राज्याचा कायदा ग्राह्य धरला. त्यामुळे वेगाच्या खिल्लार खोंडांना मोठी किंमत आली आणि जातीकडे तरुणांचे लक्ष वळले. पण शर्यतीला शेकड्यात एखादाच खोंड लागतो, आणि नुसत्या वेगासाठी निवड होत राहिली, तर औताचा शांत, दमाचा बैल त्यातून निपजणार नाही. २०१५ च्या कायद्याने वळू आणि बैल यांचीही कत्तल राज्यात बंद झाली. काम थांबलेल्या बैलाचा उरलेल्या आयुष्याचा खर्च तेव्हापासून पूर्णपणे पाळणाऱ्यावर आला आहे. हातातला बैल विकून त्यात भर घालून नवा खोंड घेण्याची जुनी रीत मोडली, आणि अनेकांनी दावणच सोडली.

संकरित गोठ्यात हीच अडचण जन्मापासून सुरू होते. तिथे गोऱ्हा झाला, तर त्याला ना औत आहे ना बाजार, आणि त्याच्या वाट्याचे दूधही विकले जाते. लिंगनिर्धारित रेताच्या कांड्यांनी दहांपैकी नऊ वेळा कालवडच होते, म्हणून दुधाच्या पट्ट्यात त्यांना मागणी वाढत आहे. माणदेशात मात्र खिल्लार गाय व्याली की शेजारी अजूनही आधी विचारतात ते, खोंड झाला का.